चांगल्या चिकन विंग्ज देणारा बार ओळखायचा कसा?

मीरा_उत्तर
नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्निया सोडून न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला आलोय, बफेलो आणि रॉचेस्टरच्या मधे एक छोटं गाव आहे तिथे. आल्यापासून बघतेय, इथे ज्याच्या त्याच्या दारात विंग्जची पाटी. बारमधे विंग्ज, पिझ्झावाल्याकडे विंग्ज, बोलिंगला गेलो तिथेही विंग्ज. मी आणि नवरा दोघंही विंग्जवर जीव टाकणारे, त्यामुळे आनंदच झाला, पण खाऊन बघितल्यावर कळलं की सगळीकडे सारख्या नसतात. एका ठिकाणी वरून लालभडक आणि आत स्किन लिबलिबीत, दातात अडकून ओढली जाणारी. दुसरीकडे मांस इतकं कोरडं की पाणी पिऊन गिळावं लागलं. आणि मग एका अगदी साध्या, अंधाऱ्या, काउंटरवर चार म्हातारे बसलेल्या बारमधे अशा विंग्ज मिळाल्या की आम्ही एकमेकांशी बोललोच नाही, नुसते खात बसलो.

प्रश्न असा की हे आधी कसं ओळखायचं? म्हणजे आत शिरल्यावर, मेनू बघून, शेजारच्या टेबलावर नजर टाकून तुम्ही कसं ठरवता की इथे मागवायच्या की नुसती बियर पिऊन निघायचं? ऑनलाइन रेटिंग बघा असं प्लीज सांगू नका, तिथे सगळ्यांनाच साडेचार तारे आहेत.

गप्पिष्ट
ते काउंटरवरचे चार म्हातारे हीच खूण. बारचं नाव सांगा फक्त, निघालोच :)

नायगारा_काका
मीराताई, योग्य प्रांतात आलात. आमचं आयुष्य गेलं बफेलोत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, मंडळींनी सांभाळून घ्यावं.

पहिली गोष्ट, इथे कोणी 'बफेलो विंग्ज' म्हणत नाही, नुसतं विंग्ज. मेनूवर मोठ्या अक्षरात 'ऑथेंटिक बफेलो' लिहिलेलं दिसलं की मी जरा सावध होतो. दुसरी गोष्ट म्हणजे सॉसची यादी. माइल्ड, मीडियम, हॉट, आणि फार तर बार्बेक्यू किंवा घरचा एखादा सॉस, एवढीच यादी असेल तर त्या किचनला आपल्या विंग्जवर विश्वास आहे असं समजावं. पंचवीस-तीस सॉस लावलेले असतील तर बहुतेक वेळा बाटल्या बाहेरून आलेल्या असतात आणि किचनचं लक्ष बाटल्यांवर असतं, कोंबडीवर नाही. तिसरी गोष्ट, पीठ लावलेलं नको. अस्सल पद्धतीत विंग नुसती तळतात, ना मैदा ना ब्रेडक्रम्स, आणि मग सॉसमधे घोळवतात. सॉस म्हणजे कायेन मिरचीचा हॉट सॉस, बहुतेक करून फ्रँक्स रेडहॉट, आणि लोणी किंवा मार्गरीन. सोबत सेलरी आणि ब्लू चीजचं डिप. त्याऐवजी रँच (ताक-मसाल्याचं पांढरं डिप) मागितलंत तर कोणी हाकलून देणार नाही, पण वेट्रेस तुमच्याकडे एकदा नीट बघून घेईल.

तिखटाचं प्रमाण प्रत्येक बारचं वेगळं. आमच्याकडे डफ्स म्हणून जुनं ठिकाण आहे, अ‍ॅमहर्स्टमधे शेरिडन ड्राइव्हवर, १९६९ पासून विंग्ज देतायत, तिथे पाटीच आहे की मीडियम म्हणजे हॉट आणि मीडियम हॉट म्हणजे व्हेरी हॉट. आपण मराठी माणसं तिखटाच्या बाबतीत जरा छाती काढून चालतो, तरी पहिल्यांदा तिथे मीडियमच घ्या.

पिकोळी
काका, तीस सॉसवाल्या मुद्द्याला १००% अनुमोदन. आमच्या इथे एका साखळी रेस्टॉरंटमधे सॉसचं नाव ठरवण्यातच अर्धा तास गेला आणि आल्यावर सगळ्यांची चव एकच, गोड.

अटलांटाची_सून
काकांचा आदर ठेवून थोडा विरोध नोंदवते. जगात विंग्ज म्हणजे फक्त बफेलो नाही हो. आमच्या अटलांटात लेमन पेपर म्हणजे धर्म आहे. कोरडा मसाला, लिंबाचा आंबटपणा आणि मिरी, गरम विंगवर भुरभुरवला की स्किनचा कुरकुरीतपणा तसाच राहतो, सॉसमधे भिजत नाही. आणि 'लेमन पेपर वेट' मागवलं तर त्यावर लोणी किंवा बफेलो सॉस, जशी त्या त्या दुकानाची रीत. दोन्हीकडची मजा एकाच प्लेटमधे. मेरिलँडला नणंद राहते, तिच्याकडे ओल्ड बे मसाला लावलेल्या मिळतात, वॉशिंग्टन डीसीत मंबो नावाचा आंबटगोड लाल सॉस घातलेल्या. सॉसची यादी छोटी असावी हे मान्य पण ती यादी गावागावाची वेगळी असणारच.

माझी स्वतःची परीक्षा सांगू? मी कुठेही नवीन ठिकाणी आधी ड्राय रब मागते. सॉसखाली सगळं झाकलं जातं, ड्राय रबखाली काहीच लपत नाही. स्किन चामट असली की पहिल्या घासात कळतं.

फ्रायरवाला
हा धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटतंय. एमएस करताना वीकेंडला एका कॉलेज टाउनमधल्या बारच्या किचनमधे काम करायचो, विंग्जचा फ्रायर माझ्याकडे. आतल्या गोष्टी सांगतो.

१. वेळ बघा. कच्ची विंग नीट तळायला साधारण दहा-बारा मिनिटं लागतात, मोठी असेल तर जास्तच. बार रिकामा आहे आणि तुमची प्लेट पाच मिनिटात समोर आली तर ती आधीच शिजवून ठेवलेली आहे. आता शिजवून ठेवणं म्हणजे वाईटच असं नाही, चांगल्या किचनमधे आधी कमी आचेवर तळून किंवा बेक करून गार करतात आणि ऑर्डर आली की दुसऱ्यांदा कडक तेलात सोडतात. दोनदा तळलेली विंग जास्त कुरकुरीत होते, कोरियन पद्धतीचं फ्राइड चिकन असंच करतात. वाईट काय, तर पूर्ण तळून गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली ठेवून देणं. दिव्याखाली विंग बाहेरून सुकते आणि स्किनच्या आतली वाफ स्किनलाच मऊ करते. मीराताईंना मिळालेली लिबलिबीत प्लेट बहुतेक तीच.

२. तेलाचं तापमान ३५० ते ३७५ फॅरनहाइट हवं. गर्दीत काय होतं, बास्केटमधे दुप्पट माल कोंबतात, त्यात फ्रोजन माल, तेल धाडकन गार होतं, आणि मग विंग तळली न जाता तेलात उकडते. म्हणून माझा सल्ला, बिल्सची (बफेलोची फुटबॉल टीम) मॅच चालू असताना पहिल्यांदा कुठल्याही बारला जोखू नका. हाफटाइमला तर नकोच. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी साडेपाचला जा, फ्रायर तापलेला असतो आणि मागे लाइन नसते.

३. दारातून आत शिरताना वास घ्या. जुनं तेल लपत नाही. जळकट, माशासारखा वास येत असेल आणि शेजारच्या टेबलावरचे फ्राइज तपकिरी दिसत असतील तर विंग्जही त्याच तेलातून येणार आहेत.

४. ऑर्डर देताना 'एक्स्ट्रा क्रिस्पी' सांगा. काही वेगळं करत नाहीत, दोन-तीन मिनिटं जास्त ठेवतात, पण विंगला ती दोन मिनिटं मानवतात. ब्रेस्ट असता तर वाळून गेला असता. विंगमधे स्किन आणि कोलॅजन भरपूर. सरकारी नियमाप्रमाणे १६५ फॅरनहाइटला कोंबडी खायला सुरक्षित होते, पण विंग १८५-१९० पर्यंत गेली की कोलॅजन विरघळून मांस हाडावरून सुटायला लागतं. १६५ ला काढलेली विंग सुरक्षित असते पण चिवट असते.

हाडाचा_शौकीन
फ्रायरवाला, कडक पोस्ट. चौथा मुद्दा कोणीतरी फ्रेम करून प्रत्येक बारमधे लावा.

मला फक्त एक विचारायचंय, मंडळी ड्रम (विंगचा तंगडीसारखा, एका हाडाचा तुकडा) की फ्लॅट (मधला चपटा, दोन हाडांचा)? मी कट्टर फ्लॅटवाला. ड्रमवर मांस जास्त दिसतं पण फ्लॅटमधे मांसाच्या मानाने स्किन जास्त, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत. खायची रीत: एका टोकाला जिथे दोन हाडं जुळलेली असतात तो सांधा मोडायचा, मग बारीक हाड धरून हळूच फिरवायचं, ते सुळकन बाहेर येतं, मग जाड हाड. हातात राहतो तो नुसता मांसाचा तुकडा, सॉससकट. आणि ही सुद्धा परीक्षाच आहे बरं का, हाड न तुटता आणि मांस न ओढता निघालं तर विंग बरोबर शिजलेली. ओढाताण करावी लागली तर फ्रायरवाल्याने सांगितलेल्या १६५ वाली.

पिकोळी
ड्रम!!! धरायला सोपा, मुलांना देता येतो, दुसऱ्या हातात बियर राहते.

टेक्सासचा_तात्या
फ्लॅट. काही बार 'ऑल फ्लॅट्स'चे वर पैसे लावतात, आणि मी ते बिनतक्रार देतो.

शाकाहारी_सोबती
भाबडा प्रश्न: नवरा विंग्जवेडा, मी शाकाहारी. प्रत्येक शुक्रवारी बारमधे जाऊन सेलरी चावत बसते. हल्ली कॉलीफ्लॉवर विंग्ज दिसतात मेनूवर. त्या त्याच तेलात तळतात का? विचारायला संकोच वाटतो.

फ्रायरवाला
शाकाहारी_सोबती, बिनधास्त विचारा, हा प्रश्न किचनला रोज येतो. छोट्या बारमधे बहुतेक वेळा एक किंवा दोनच फ्रायर असतात आणि सगळं त्यातच जातं, विंग्ज, फ्राइज, मोझरेला स्टिक, कॉलीफ्लॉवर. वेगळा फ्रायर असेल तर ते स्वतःहून अभिमानाने सांगतात. ग्लुटेन चालत नाही त्यांनीही हेच विचारावं, कारण विंगला पीठ नसलं तरी त्याच तेलात पीठ लावलेली कांद्याची चकती तळलेली असते.

दोन_चमचे_तूप
सॉसबद्दल कोणी नीट बोललंच नाही म्हणून लिहिते. प्लेट संपत आली की तळाशी बघा. चांगल्या सॉसमधे लोणी आणि हॉट सॉस एकजीव झालेला असतो, विंगला चिकटून राहतो, तळाशी थोडासा दाटसर केशरी थर उरतो. वाईट सॉस फुटलेला असतो: वर केशरी तेल तरंगतं आणि खाली आंबट पाणी. हे होतं लोणी फार गरम केल्यामुळे, किंवा सॉस सकाळी करून गरम पाण्याच्या भांड्यात दिवसभर ठेवल्यामुळे. थंड लोणी कोमट हॉट सॉसमधे थोडं थोडं फेटत घातलं की फुटत नाही.

आणि घोळवणं! स्टीलच्या मोठ्या बोलमधे विंग्ज आणि सॉस घालून उडवतात ना, तो आवाज काउंटरवर बसलं की ऐकू येतो. ठण ठण असा कोरडा आवाज आला तर स्किन कडक आहे, पचपच असा आला तर मी आपली फ्राइजवर समाधान मानते. नवरा हसतो मला पण माझा अंदाज बरेचदा बरोबर येतो.

तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, उपयोग नाही. मिरचीतला तिखटपणा चरबीत विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून ब्लू चीज किंवा दूध. ब्लू चीज सोबत देण्यामागे डोकं आहे ते असं.

नायगारा_काका
वा तूपताई, तो आवाजाचा मुद्दा आमच्या कधी लक्षात आला नव्हता, आता काउंटरवरच बसणार.

घोळवण्यावरून आठवलं, ईस्ट ऑरोरा गावात बार-बिल टॅव्हर्न म्हणून आहे. तिथे विंग्ज बोलमधे उडवत नाहीत, प्रत्येक विंगला ब्रशने सॉस लावतात. एकेक. त्यामुळे सॉस सगळीकडे सारखा लागतो आणि स्किन भिजत नाही. मीराताई, तुम्हाला ते फार लांब नाही, एका शनिवारी दुपारी जाऊन या, पण लवकर जा.

गप्पिष्ट
काका, तुम्ही बफेलोचे जुने रहिवासी म्हणून विचारतो, विंग्जचा शोध अँकर बारमधे लागला हे खरं का?

नायगारा_काका
गप्पिष्ट, यावर बफेलोत अजून वाद होतात.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की १९६४ मधे मेन स्ट्रीटवरच्या अँकर बारमधे रात्री उशिरा मालकिणीचा मुलगा मित्रांना घेऊन आला, भूक लागलेली, आणि टेरेसा बेलिसिमो बाईंनी सूपसाठी बाजूला ठेवलेल्या विंग्ज तळून, तिखट सॉस आणि लोण्यात घोळवून, सेलरी आणि ब्लू चीजसोबत समोर ठेवल्या. घरच्यांनीच ही गोष्ट वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सांगितली आहे, एका आवृत्तीत चुकून विंग्जची डिलिव्हरी आली असं आहे.

पण साधारण त्याच काळात जेफरसन अ‍ॅव्हेन्यूवर जॉन यंग नावाचे कृष्णवर्णीय उद्योजक 'विंग्ज अँड थिंग्ज' चालवायचे. ते अख्खी विंग, न तोडता, पीठ लावून तळायचे आणि मंबो सॉस घालायचे. १९७० च्या सुमाराला त्यांनी बफेलो सोडलं आणि पुढे सगळं नाव एकाच बारला मिळालं. मला विचाराल तर दोघांचंही श्रेय आहे. आज आपण जी तोडलेली, बिनपिठाची, लोणी-तिखटातली विंग खातो ती बेलिसिमो बाईंची, पण या गावाला विंग हा जेवणाचा मुख्य पदार्थ म्हणून खायला लावणाऱ्यांत यंग साहेब होते. त्यांचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगू नये.

तोपर्यंत विंग म्हणजे टाकाऊ भाग, सूपात जायचा. पुढे १९७७ मधे बफेलोच्या महापौरांनी २९ जुलै हा चिकन विंग डे जाहीर केला, आणि आता तर नॅशनल चिकन कौन्सिलच्या अंदाजाप्रमाणे २०२४ च्या सुपर बोलला (अमेरिकन फुटबॉलची फायनल) अमेरिकेत १४५ कोटी विंग्ज खाल्ल्या गेल्या.

अटलांटाची_सून
काका, जॉन यंगबद्दल माहीत नव्हतं, मनापासून धन्यवाद. आणि मंबो सॉस तिकडेही होता तर! म्हणजे मेरिलँडच्या नणंदेला आता सांगायला एक गोष्ट मिळाली.

नवखा_२
मी बोनलेस खातो. हाडं चघळायचा कंटाळा येतो. इथे चालेल का?

हाडाचा_शौकीन
नवखा, चालेल की, पण बोनलेस विंग ही विंग नसतेच, तो ब्रेस्टचा तुकडा पीठ लावून तळलेला. चवीला वाईट नाही, फक्त या धाग्यातली कुठलीच परीक्षा त्याला लागू पडत नाही.

कोर्टकचेरी
आणि बोनलेसमधे हाड नसेलच याचीही खात्री नाही :) ओहायोत एका गिऱ्हाइकाच्या घशात बोनलेस विंगमधलं हाड अडकलं, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२४ मधे ४ विरुद्ध ३ अशा मताने निकाल लागला की 'बोनलेस' हे शिजवण्याच्या पद्धतीचं नाव आहे, हाड नसण्याची हमी नाही. तीन न्यायाधीशांनी कडक विरोध नोंदवला. मी विरोधातल्या तिघांच्या बाजूने. मेनूवर बोनलेस वाचून लहान मुलाला देणाऱ्या आईने काय समजायचं? ज्युरीसमोर तरी जाऊ द्यायला हवं होतं.

पिकोळी
बापरे. मी लेकीला बोनलेसच देते. यापुढे तोडून बघून देणार.

टेक्सासचा_तात्या
सगळं तळलेल्यावरच चाललंय म्हणून स्मोक्ड विंग्जचा झेंडा फडकवतो. आमच्याकडे बार्बेक्यूवाले ओक किंवा पिकानच्या लाकडावर विंग्ज धुरवतात. एक अडचण आहे, कमी आचेवर धुरवली की स्किन चामट राहते, म्हणून चांगला माणूस शेवटी ती कडक जाळावर किंवा फ्रायरमधे मिनिटभर सोडतो. त्यामुळे माझा प्रश्न ठरलेला असतो, 'फिनिश कशावर करता?' उत्तर चटकन आलं तर मागवतो. वेटर किचनमधे विचारायला गेला तरी मागवतो, कारण निदान विचारायची तयारी आहे. 'म्हणजे?' असं म्हणाला तर विंग्ज सोडून ब्रिस्केट (धुरवलेलं बीफ).

नायगारा_काका
तात्या, आमच्याकडेही कोळशावरच्या मिळतात काही ठिकाणी, आधी तळून मग सॉस लावून निखाऱ्यावर. कडांना सॉस जरा जळतो, त्याची चव वेगळीच. तळलेल्याचा कट्टर असूनही त्या मी सोडत नाही.

गप्पिष्ट
आमच्या घरी श्रावण चालू आहे आणि हा धागा रोज वर येतोय. अ‍ॅडमिन, काहीतरी करा.

दोन_चमचे_तूप
गप्पिष्ट, वाचून मोडत नाही श्रावण, वाचा निवांत :)

अवांतर: घरी करणाऱ्यांसाठी. विंग्ज टिपून कोरड्या करा, मीठ आणि थोडी बेकिंग पावडर (सोडा नव्हे!) चोळा, साधारण एक पौंडाला एक टीस्पून, जाळीवर ठेवून रात्रभर फ्रिजमधे उघड्या. दुसऱ्या दिवशी ४२५ फॅरनहाइटला ओव्हनमधे पाऊण तास, मधे एकदा उलटा. बेकिंग पावडरमुळे स्किनचा पीएच वाढतो, रंग छान येतो आणि बारीक बुडबुडे येऊन कुरकुरीत होते. तळलेल्याची सर नाही म्हणणारे म्हणोत, आमच्याकडे शिल्लक राहत नाहीत. तोडलेली टोकं टाकू नका, सूपाच्या पाण्यात टाका, गार झाल्यावर सूप थरथरतं इतकं जिलेटिन सुटतं.

मीरा_उत्तर
अरे किती लिहिलंत सगळ्यांनी! दोन आठवडे कामात होते, आज सगळं एका बैठकीत वाचून काढलं.

आणि प्रयोगही केला. गावातल्याच एका बारमधे बुधवारी साडेपाचला गेलो (फ्रायरवाला यांचा सल्ला). मेनूवर माइल्ड, मीडियम, हॉट आणि एक गार्लिक पार्मेझान, एवढंच. एक्स्ट्रा क्रिस्पी सांगितलं तर बारवाल्या बाई म्हणाल्या की मग पंधरा मिनिटं लागतील चालेल ना, तिथेच मला बरं वाटलं. काउंटरवर बसून कान लावला, आवाज आला का ते जुन्या गाण्यांच्या गडबडीत कळलं नाही. प्लेट आली तेव्हा वाफ निघत होती, सॉस चकचकीत, फ्लॅट हातात घेऊन बारीक हाड फिरवलं आणि खरंच सुळकन आलं. नवऱ्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तळाशी तेल तरंगत नव्हतं. एवढं सगळं छान आणि ब्लू चीज मात्र पाकिटातलं, पातळ, आंबट. आता या बारला पास करायचं की नापास?

हाडाचा_शौकीन
पास. ब्लू चीज घरून न्या.

नायगारा_काका
नापास म्हणवत नाही, पण ब्लू चीज घरचं असणं ही मी मोठी खूण मानतो. चमच्याला चिकटणारं दाट, मधे चीजचे गोळे लागणारं. जो बार ब्लू चीज स्वतः करतो तो बाकीचंही मनापासून करतो असा माझा अनुभव. पाकिटवाला बार चांगला असू शकतो, तरी माझ्या लेखी तो पुढच्या वेळी पुन्हा परीक्षा द्यायला बसणार.

फ्रायरवाला
काका, इथे मी सहमत नाही. छोट्या बारच्या किचनमधे संध्याकाळी एक माणूस असतो, कधीकधी बार सांभाळणारी बाईच तळते पण. त्या माणसाने आपला वेळ फ्रायरला द्यावा, पाकीट चालेल. पंधरा मिनिटं लागतील हे आधी सांगणारा बार मला घरच्या ब्लू चीजपेक्षा मोलाचा वाटतो.

अटलांटाची_सून
फ्रायरवाला +१. आणि ड्राय रबला ब्लू चीज लागतच नाही, हे नम्रपणे पुन्हा एकदा.

पिकोळी
मंडळी, आपण बफेलोच्या आसपासचे बरेच जण निघालो की. गटग (गेट-टुगेदर) करूया का? टुरिझमवाल्यांनी २०१८ मधे बफेलो विंग ट्रेल काढलाय, त्यातली तीन-चार ठिकाणं एका दिवसात होतील. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या वीकेंडला विंग फेस्टिव्हल पण असतो, २००२ पासून चालू आहे.

गप्पिष्ट
श्रावण संपल्यानंतरची तारीख धरा. आणि शाकाहारी_सोबती यांच्यासाठी वेगळा फ्रायर असलेलं एक तरी ठिकाण ठेवा.

शाकाहारी_सोबती
अय्या, आठवणीने लिहिलंत! येते मी, गाडी मी चालवते, तुम्ही सगळे निवांत बियर घ्या.

नायगारा_काका
फेस्टिव्हलला गर्दी फार, बसून बोलणं होत नाही. त्यापेक्षा बिल्सची मॅच नसलेला एखादा रविवार धरा, दुपारी दोन वाजता. आणि बारा-पंधरा जणांनी एकदम जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगायला हवं. इथे दहाला सिंगल, वीसला डबल आणि पन्नासला बकेट म्हणतात. आपण बकेट एकदम मागवायची नाही, खालच्या विंग्ज वाफेने मऊ पडतात. डबल-डबल करून टप्प्याटप्प्याने मागवू, पहिली मीडियम, मग हॉट. अटलांटाची सून विमानाने येणार असेल तर तिच्यासाठी एक प्लेट कोरडी, सॉस बाजूला.

अटलांटाची_सून
काका, तिकिटं बघतेय!

मीरा_उत्तर
आमची दोन माणसं धरा. रॉचेस्टरकडून कोणी येणार असेल तर वाटेत घेऊ, गाडीत तीन जागा आहेत.